मिस्त्रीची पारख

घराचे बांधकाम बहुधा आयुष्यात एकदाच होते, आणि सदनिकांच्या या काळात ते आपण स्वतः करवून घेतो असेही नाही. परंतु घराची दुरुस्ती कोणालाच चुकलेली नाही, आणि तिच्यासाठी लागणारा विश्वासू माणूस कोठे मिळतो हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबांत मुलांच्या लग्नाच्या खालोखाल चर्चिला जातो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. या चर्चेचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. गवंडी उचल घेऊन गेला तो पुन्हा फिरकलाच नाही, नळाचे काम करणाऱ्याने एक गळती काढताना दुसरी लावून दिली, रंगाऱ्याने तीन हात कबूल करून दोनच मारले, अशा या हकिकती असतात, आणि त्यांपैकी बहुतेक खऱ्याही असतात. परंतु विश्वासूपणा हा माणसाच्या अंगी जन्मतःच असणारा किंवा नसणारा गुण आहे, आणि आपण फक्त तो गुण असलेला माणूस हुडकून काढावयाचा आहे, हे जे गृहीत या तक्रारींच्या मुळाशी असते, ते मला मान्य करवत नाही. भरवसा हा कामाची नेमकी व्याख्या, त्याचे मोजमाप आणि पैसे देण्याची रीत यांतून उत्पन्न होतो. आणि या तिन्ही गोष्टी कारागिराइतक्याच, किंबहुना काकणभर अधिकच, घरमालकाच्या हाती असतात.

पूर्वीच्या गावगाड्यात हा प्रश्न या रूपात उद्भवत नसे. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार गावचे वतनदार असत. कुणब्याची अवजारे वर्षभर चालती ठेवावयाची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यावयाचा, अशी त्यांची वहिवाट होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे बारकाईचे वर्णन केले आहे, ते वाचताना तिच्यात कुरबुरींना तोटा नव्हता हे सहज ध्यानात येते. तथापि काम बिघडले, तर बिघडविणारा उद्या त्याच वेशीतून ये-जा करणार आहे, एवढी खात्री तिच्यात होती. आणि ज्या जातिबंधनातून ती खात्री निपजे, त्याच बंधनाने कारागिराला गाव सोडण्याची वा धंदा बदलण्याची मोकळीक नाकारलेली होती. तेव्हा त्या काळासाठी हळहळण्याचे प्रयोजन नाही. शहरात आलेला कारागीर मोकळा झाला, हे इष्टच झाले; फक्त जी हमी पूर्वी गाव देत असे, ती आता दोन परक्या माणसांनी आपसांत निर्माण करावयाची आहे.

आज मुंबई-पुण्यात आपल्या दारी येणारा कारागीर पुष्कळदा फार दूरवरून आलेला असतो. नळकाम करणाऱ्यांत ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील माणसे देशभर इतकी आढळतात की, त्या जिल्ह्यातील पट्टामुंडई येथे नळकामाचे शिक्षण देणारी शासकीय संस्थाच उभी राहिली आहे. सुतारकामात राजस्थानी, रंगकामात उत्तर प्रदेशी मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. आणि फोडतोडीच्या, ओझे वाहण्याच्या कामासाठी मराठवाड्यातून आलेली बिगारी जोडपी सकाळी मजूर अड्ड्यावर, किंवा मुंबईच्या भाषेत नाक्यावर, डब्याची पिशवी घेऊन उभी असतात. या सर्वांच्या आणि आपल्या मध्ये बहुधा एक मुकादम किंवा ठेकेदार असतो, आणि घोटाळ्याचा उगम पुष्कळदा येथेच होतो. ज्याच्याशी आपण बोललो, ज्याचा चेहरा आपल्याला प्रामाणिक वाटला, तो माणूस आणि ज्याच्या हातात प्रत्यक्ष थापी आहे तो माणूस एक नसतो. म्हणून भाव विचारण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: कामावर नेमके कोण येणार, आणि मुकादम स्वतः दिवसातून किती वेळ तेथे असणार? याचे उत्तर गुळमुळीत आले, तर तो मुकादम वाईट असेल असे नव्हे. परंतु आपण ज्याच्यावर विश्वास टाकीत आहोत तो मनुष्य कामावर असणार नाही, एवढे निश्चित समजावे.

शिक्षणाची प्रमाणपत्रे या क्षेत्रात कमी दिसतात, पण अजिबात नसतात असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून विजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर, सुतार असे अभ्यासक्रम पुरे केलेली मुले दरसाल बाहेर पडतात. गवंड्याकडे किंवा रंगाऱ्याकडे असा कागद मागण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्यांतील उत्तमोत्तम माणसे बापाच्या किंवा मामाच्या हाताखाली शिकलेली असतात. विजेच्या कामाची गोष्ट मात्र निराळी आहे. घरातील तारा बदलण्याचे काम परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावयास हवे, आणि तो परवाना पाहावयास मागण्यात संकोच धरू नये. जो विजेचा कारागीर कामाच्या बोलण्यात भूयोजन, म्हणजे ‘अर्थिंग’, नीट आहे की नाही हे आपण होऊन तपासतो, आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे यंत्र बसविण्याचा आग्रह धरतो, तो खर्च वाढवीत आहे असे वाटले तरी त्याचे ऐकावे; आणि दिव्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवरच पाणी तापविण्याचे यंत्र जोडून देण्यास जो तयार होतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

शेजाऱ्याची शिफारस ही अजूनही सर्वांत उपयुक्त वस्तू आहे, पण ती घेण्याची रीत आपली चुकते. ‘काम कसे झाले?’ असे विचारले, तर जो तो ‘छान झाले’ म्हणतो, कारण नुकताच रंग दिलेली भिंत नेहमीच छान दिसते. गच्चीचे, मोरीचे किंवा बाहेरील भिंतीचे काम पाहावयाचे असेल, तर ते दोन पावसाळे खाल्लेले पाहावे. आणि त्या घरच्या माणसांना एकच प्रश्न विचारावा, की नंतर काही बिघडले तेव्हा बोलावल्यावर तो आला का? काम कधीच बिघडले नाही असा कारागीर जगात नाही. बिघडल्यावर जो परत आला, त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे.

हे सारे बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण विस्ताराने घेतो, आणि ते म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीला आलेली ओल. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या छताला डाग पडतो, पोपडे सुटतात, आणि वरच्या मजल्यावर तक्रार जाते. पाठोपाठ कोणी तरी एक मिस्त्री बोलावला जातो. आता पहिला मिस्त्री येतो, डाग पाहतो आणि म्हणतो, “काळजी करू नका साहेब, सगळी फरशी काढू, नवीन कोबा करू, एकदम पक्के काम.” भाव तो तेथल्या तेथे सांगतो. दुसरा येतो आणि भावाचे नाव न काढता प्रश्न विचारू लागतो: ही ओल बाराही महिने असते की पावसाळ्यातच दिसते? बाहेरगावी गेला होता तेव्हा ती सुकली होती का? सकाळी आंघोळीनंतर वाढते का? या दुसऱ्या माणसाला ठेवून घ्यावे; कारण त्याचे प्रश्न रोगाचे निदान करणारे आहेत. न्हाणीघर वापरात असो वा नसो, ओल अहोरात्र सारखीच राहिली, तर दोष बहुधा टाकीकडून येणाऱ्या, सतत दाबाखाली असलेल्या नळात असतो, आणि रात्रभर त्याची झडप बंद ठेवली तर फरक कळून येतो. वापरल्यावरच ओल वाढत असेल, तर सांडपाण्याची नळी, जाळीखालचा सापळा किंवा फरशीच्या दर्जा यांकडे पाहावे लागते, आणि मोरीत रंगीत पाणी ओतून ते खाली कोठे उतरते हे पाहण्याची युक्ती जुन्या मिस्त्रींना ठाऊक असते. केवळ पावसाळ्यातच, आणि तेही नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाला सन्मुख असलेल्या भिंतीवरच डाग येत असेल, तर न्हाणीघराची फरशी निरपराध आहे. दोष बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या चिरांचा आहे, आणि तो आतून कितीही खर्च केला तरी दुरुस्त होणार नाही.

पुष्कळ इमारतींत न्हाणीघराखालील स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खोल ठेवून त्यात नळ्या टाकतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव करून फरशी बसवितात. गळलेले पाणी या भरावात साठते, आणि खालच्या छतापर्यंत येण्यास त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे आज दिसणाऱ्या डागाचे कारण आजचे नसते, आणि गळती थांबविल्यावरही डाग लगेच वाळत नाही. हे न सांगता ‘आठ दिवसांत डाग जाईल’ असे जो सांगतो, त्याला कामाची माहिती नाही किंवा ग्राहकाची भीड नाही. फरशी न फोडता दर्जांत रासायनिक द्रव भरून गळती बंद करण्याच्या जाहिराती हल्ली पुष्कळ दिसतात. पाणी खरोखरच दर्जांतून झिरपत असेल तर त्या उपायाने गुण येतो. आतली नळीच फुटली असेल तर मात्र तो पैसा त्याच मोरीतून वाहून जातो. पूर्ण काम करावयाचे ठरलेच, तर जलरोधक थर दिल्यावर आणि फरशी बसविण्यापूर्वी त्या खोलगट जागेत पाणी भरून ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवावे, पातळीची खूण करावी, आणि खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे. भिंतीत पुरलेल्या नळ्या झाकण्याआधी त्यांतही दाबाने पाणी भरून पाहतात. या दोन चाचण्या आपल्या कामात आहेत का, हे भाव ठरविताना विचारले की समोरचा मनुष्य कोणत्या प्रतीचा आहे हे त्याच्या चेहऱ्यावरच उमटते. भिंती बंद होण्यापूर्वी नळ्यांच्या आणि तारांच्या जागांची, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना त्यांची आठवण होते.

आता भावाविषयी. आपल्याकडे तीन रीतींनी काम दिले जाते: रोजंदारीने, मापावर आणि उक्ते. रोजंदारीत कारागिराला घाई नसते आणि उक्त्या कामात त्याला घाईखेरीज दुसरे काही नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण यावरून जो तो सरसकट उक्त्याकडे वळतो, हे मला चुकीचे वाटते. ज्या कामाचा विस्तार आधी सांगता येत नाही, उदाहरणार्थ गळतीचा शोध, ते उक्ते देणे म्हणजे कारागिराला अंदाजपंचे भाव सांगण्यास भाग पाडणे होय. मग तो एक तर धास्तीने दुप्पट सांगतो किंवा कमी सांगून अर्ध्यावर अडून बसतो. शोध रोजंदारीने करवून घ्यावा, आणि काय करावयाचे हे निश्चित झाल्यावर उरलेले काम मापावर द्यावे. माप कसे धरावयाचे हेही आधीच बोलावे. गिलाव्याला आणि रंगाला दारे-खिडक्यांची जागा वजा होणार की नाही, भिंतीच्या पायथ्याची फरशीची पट्टी चौरस फुटात मोजणार की धावत्या फुटात, ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट की वाळूच्या हिशेबातील शंभर घनफूट, या क्षुल्लक दिसणाऱ्या बाबींवरून शेवटच्या दिवशी जितकी भांडणे होतात, तितकी कामाच्या प्रतीवरून होत नसतील. आणि फोडलेल्या फरशीचा राडारोडा कोण उचलणार? तो जिन्याखाली पडून राहतो, आणि मग सोसायटीचे चिटणीस दोघांनाही शोधीत येतात.

तीन ठिकाणांहून भाव मागवावेत असे सर्वजण सांगतात, पण ते तिन्ही एकाच कामाचे असल्याशिवाय त्यांची तुलना निरर्थक ठरते. एकाने गिलावा एकास चार धरला, दुसऱ्याने एकास सहा. एकाने कपाटाला ‘चांगले प्लाय’ म्हणताना आयएस ७१० चे, पाण्यात टिकणारे धरले, दुसऱ्याने आयएस ३०३ मधील साधे. मग दुसरा स्वस्त असणारच. आपण त्या स्वस्ताला काम देतो, आणि पहिला, जो खरे बोलला, तो रिकाम्या हाताने परत जातो. हे वर्षानुवर्षे चालत आले असल्यामुळे प्रामाणिक कारागीरही हळूहळू कमी भाव सांगून पुढे वाढविण्याची विद्या शिकतो. ही विद्या आपण त्याला शिकविली, हे मात्र आपण तक्रारीच्या वेळी सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून लेखी करारनामा हवा. भारतीय करार अधिनियम, १८७२ याखाली तोंडी करारही कायदेशीर ठरू शकतो, परंतु तो सिद्ध करणे दुरापास्त असते. मुद्रांकाच्या कागदावर कलमांमागून कलमे लिहिण्याची छोट्या कामाला जरूर नाही. एका पानावर कामाचा तपशील, मालाचे नाव व प्रत, माप धरण्याची पद्धत, भाव, मुदत, पैशाचे हप्ते आणि वाढीव काम निघाल्यास ते भाव लिहून घेतल्याशिवाय सुरू न करण्याची अट, एवढा मजकूर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. लिहिता न येणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा. वाढीव कामाच्या अटीने मालकालाही बांधून ठेवले जाते, हा तिचा मोठा गुण आहे. काम निम्मे झाल्यावर ‘त्यापेक्षा इकडेच एक फळी मारून द्या’ असे घरातील प्रत्येकाने एकेकदा सांगितले की मूळ अंदाजपत्रकाचे काय होते, हे कोणत्याही सुताराला विचारावे.

उचल देताना सढळपणा नको. कारागीर नेहमी मोठी उचल मागतो यामागे लबाडीच असते असे नाही. मागच्या कामाचे पैसे अडकले असल्यामुळे तो आपल्या उचलीतून तेथील मजुरी भागवितो, आणि मग आपले काम पुढच्या ग्राहकाच्या उचलीवर चालते. ही साखळी कोठे तरी तुटते, ती आपल्या घरी तुटू नये यासाठी माल आपण स्वतः घ्यावा किंवा दुकानदाराला थेट पैसे द्यावेत, आणि मजुरी झालेल्या कामाच्या मानाने, टप्प्याटप्प्याने, पण ठरल्या दिवशी न चुकता द्यावी. माल त्याच्याकरवी आणविला तर दुकानाचे बिल मागावे. काही दुकाने कारागिराला बिलामागे काही टक्के देतात, ही उघड गुपिताची गोष्ट आहे. सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांत अनामत रक्कम आणि दोषदायित्व कालावधी असतो. घरगुती कामातही एकूण रकमेचा छोटासा भाग पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवता येते. आधीच, हे महत्त्वाचे. नंतर राखून ठेवलेले पैसे हे अनामत नसून बुडविलेली मजुरी होय.

काम चालू असताना पाठीमागे उभे राहून दर घटकेला सूचना करणे कोणालाच आवडत नाही, परंतु काही ठिकाणी नजर हवीच. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा छापलेला असतो, तो पाहावा, कारण तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद बरीच उतरते. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात वापरला जावा. दुपारच्या जेवणानंतर घमेल्यात घट्ट झालेल्या मालावर पुन्हा पाणी मारून तो भिंतीला चढविला जात असेल, तर तेथे बोलावेच. फरशी बसल्यावर नाण्याने टकटक करून पोकळ वाजणाऱ्या लाद्या खडूने खुणावता येतात. रंगाचे हात मोजण्याची खरी युक्ती ही, की प्रत्येक हाताला छटा किंचित निराळी ठेवावयाची, म्हणजे कोणता राहिला ते डोळ्यांनीच कळते. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे लागते; गवंडी सहा वाजता घरी जातो आणि रविवारी येत नाही, तेव्हा हे काम मालकाचे आहे, आणि भेगा पडल्या तर त्यांतील काही त्याच्या नावे जमा धराव्या लागतील.

कायद्याचे संरक्षण आहे, ते थोडक्यात सांगतो. नव्या सदनिकेत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दिसून आला, तर मिस्त्री शोधण्यापूर्वी विकासकाला लेखी कळवावे. स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीच्या गळतीचा खर्च संस्थेचा आणि न्हाणीघरातील अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याचा, अशी आदर्श उपविधींतील सर्वसाधारण विभागणी आहे, आणि भिंती हलविण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी लागते. कारागिराने किंवा कंत्राटदाराने फसविले, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीचे शुल्कही नाही. मात्र तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘काय ठरले होते?’ हाच असतो, आणि वर सांगितलेले एक पान त्या वेळी दाखवावे लागते.

शेवटी एक बाजू राहते, तिच्याविषयी मासिकांतून कोणी फारसे लिहीत नाही. कारागीरही घरमालकाची पारख करीत असतो. कोणत्या घरी प्यायचे पाणी मागावे लागते, कोठे परांचीवर चढणाऱ्या पोराच्या सुरक्षिततेची कोणी चौकशी करते, कोठे शेवटच्या हप्त्यासाठी चार खेटे घालावे लागतात आणि कोठे माप होताच पैसे हातावर पडतात, याची नोंद नाक्यावर, रंगाच्या दुकानात आणि चहाच्या टपरीवर होत असते, आणि ती आपल्या शिफारशींपेक्षा अधिक अचूक असते. उत्तम मिस्त्रीला कामाची वाण नसते; त्यामुळे कोणाकडे जावयाचे ते तोच ठरवितो, आणि ज्यांचे नाव त्या नोंदीत खराब पडलेले असते, त्यांना तो नम्रपणे, पुन्हा पुन्हा, ‘साहेब, दिवाळीनंतर बघू’ असे सांगत राहतो.